समुद्रावरचा पूल आणि पुलावरची गर्दी

हा लेख वाचण्यापूर्वी मुंबईचा नकाशा समोर घ्या. उत्तरेकडे रुंद आणि दक्षिणेकडे निमुळते होत गेलेले हे शहर एखाद्या नरसाळ्यासारखे दिसते. कचेऱ्या, न्यायालये, गोदी, मोठे बाजार हे सारे पूर्वापार नरसाळ्याच्या निमुळत्या टोकाला आणि राहणारी माणसे मात्र रुंद तोंडाला. रोज सकाळी माणसे वरून खाली ओतली जातात आणि संध्याकाळी पुन्हा वर चढतात. रस्ता रुंद करावा म्हटले तर पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला ठाण्याची खाडी. दोन्ही बाजूंना पाणी असलेल्या शहराला एक ना एक दिवस पाण्यावरच रस्ता बांधावासा वाटणार, हे उघड आहे.

हा विचार काही आजचा नाही. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये पूर्वी खाडी होती व लोक होडीने ये-जा करीत. पावसाळ्यात होड्या उलटत. १८४५ साली तेथे भराव घालून रस्ता झाला. त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले होते. पुढे दीडशेहून अधिक वर्षे वांद्र्याहून पश्चिम किनाऱ्याने मुंबईत शिरावयाचे तर हाच दरवाजा होता. त्याला दुसरा दरवाजा मिळाला तो २००९ साली, वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या रूपाने.

मी शिकवतो ते महाविद्यालय मात्र खाडीच्या पलीकडे, उरणला आहे. उरणच्या मोरा बंदरावर उभे राहिले की मुंबई समोर दिसते. पण दिसणे वेगळे आणि पोहोचणे वेगळे. लाँचने भाऊच्या धक्क्याला जावे तर पाऊण-एक तास लागतो. त्यातही मोठ्या ओहोटीला मोरा बंदरात पाणीच नसते, त्यामुळे भरतीची वाट पाहत बसावे लागते. रस्त्याने जावे तर खाडीला वळसा घालून वाशीच्या पुलावरून. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा हा अटल सेतू खुला झाला आणि समोर दिसणारी मुंबई रस्त्यानेही समोर आली. सेतूची लांबी २१.८ किलोमीटर असून त्यांपैकी सुमारे १६.५ किलोमीटर तो समुद्रावरून जातो.

त्या आठवड्यात वर्गात दुसरा विषय निघणे शक्यच नव्हते. दोन प्रश्न मला चांगले आठवतात. पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "सर, एवढा जड पूल खाडीच्या चिखलात रुतत कसा नाही?" आणि शेवटच्या बाकावरून, "पूल झाला ते ठीक, पण आता सगळ्या गाड्या शिवडीला जाऊन अडणार नाहीत का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी त्या तासालाच दिले. दुसऱ्याने मात्र मला बरेच दिवस छळले. दोन्ही प्रश्न भाराचेच आहेत, पण भार दोन निराळ्या जातींचे आहेत. ते कसे, ते आता पाहू.

गाळा दुप्पट, जोर चौपट

चिखलाचे उत्तर सोपे आहे. पूल चिखलावर उभा नसतोच. चिखलातून आरपार खाली, कातळापर्यंत पोलादी नळकांडे उतरवतात, आतला गाळ उपसतात, कातळात भोक पाडतात आणि त्यात सळया उभ्या करून काँक्रीट ओततात. अशा अनेक खुंटांच्या डोक्यावर एक जाड चौथरा आणि त्यावर खांब. मुंबईच्या खाली ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेला खडक आहे. पण तो सगळीकडे सारखा घट्ट नाही. म्हणून जागोजागी भोके पाडून आधी खडकाची परीक्षा करावी लागते. पुलाच्या कामातला हा भाग कोणालाच दिसत नाही आणि वेळखाऊ मात्र फार असतो.

खरी गंमत खांबांच्या वर सुरू होते. दोन खांबांमधल्या अंतराला पुलाच्या भाषेत गाळा म्हणतात. हा गाळा किती ठेवावा? पट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवा आणि मध्यभागी बोटाने दाबा. पुस्तके जवळ असली तर पट्टी जेमतेम वाकते. ती दूर सरकवा, त्याच दाबाला पट्टी भलतीच वाकेल. आता पूल स्वतःच्याच वजनाने वाकत असतो. गाळा लांबला की वजनही वाढते आणि ते वजन आधारापासून दूरही जाते. एकाच कारणाने दोन गोष्टी वाढल्या, म्हणून तुळईला मध्यभागी वाकवणारा जोर गाळ्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गाळा दुप्पट केला तर जोर चौपट, तिप्पट केला तर नऊपट.

मग खांब जवळजवळच उभे करावेत, हा प्रश्न तुम्ही विचारालच. बहुतेक ठिकाणी तेच करतात. वांद्रे-वरळी सेतूचे साधे गाळे सुमारे ५० मीटरांचे आहेत. पण समुद्र काही मोकळे मैदान नाही. खालून होड्या जातात, जहाजे जातात, तेलाच्या व वायूच्या नळवाहिन्या जातात. जेथे जहाज जाते तेथे खांब उभा करता येत नाही. अटल सेतूवर अशा जागी १८० मीटरांपर्यंतचे गाळे आहेत. साध्या ६० मीटरच्या गाळ्याशी तुलना करा: लांबी तिप्पट, म्हणजे तितक्याच वजनाच्या तुळईला वाकवणारा जोर नऊपट. काँक्रीट जाड करून हा जोर पेलावा म्हटले तर जाड काँक्रीटचे वजन पुन्हा त्याच जोरात भर घालते. दमलेल्या माणसाला ताकद यावी म्हणून त्याच्याच डोक्यावर खुराकाचे पोते द्यावे, तसला हा प्रकार. यावर अटल सेतूच्या अभियंत्यांनी काढलेला मार्ग म्हणजे पूलच हलका करणे. त्या गाळ्यांत काँक्रीटऐवजी पोलादी पत्र्यांची पोकळ पेटी वापरली आहे आणि रस्त्याच्या पत्र्याला खालून उभ्या-आडव्या पट्ट्यांनी ताठ केले आहे. भारतात अशा पोलादी पाट्यांचा एवढ्या मोठ्या प्रमाणावर वापर प्रथमच झाला.

वांद्र्याजवळ निराळा मार्ग निवडला गेला. तेथे मधल्या मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना २५० मीटरांचे गाळे आहेत. पन्नासाचे अडीचशे म्हणजे लांबी पाचपट आणि जोर पंचवीसपट! तेथे पूल वरून टांगला आहे.

तारा काय करतात

वांद्रे-वरळी सेतूच्या या भागाचा मनोरा सुमारे १२६ मीटर उंच आहे. त्याचे पाय खाली फाकलेले आणि वर एकमेकांना मिळालेले आहेत. त्याच्यापासून तिरप्या उतरलेल्या तारांनी रस्ता जागोजागी धरून ठेवला आहे. प्रत्येक तार म्हणजे रस्त्याला वरून मिळालेला एकेक आधारच. त्यामुळे २५० मीटरांचा गाळा हा प्रत्यक्षात लहान लहान गाळ्यांची माळ होऊन बसतो. खालून खांब देता येत नाही ना, मग वरून द्या, असा हा हिशेब आहे.

पण वरून दिलेला आधार सरळ नसून तिरपा असतो, आणि तेथे तुमचे नववी-दहावीचे त्रिकोणमितीचे ज्ञान कामी येते. समजा, एका तारेने रस्त्याचे ३०० टन वजन पेलावयाचे आहे. तार उभी असती तर तिच्यात ३०० टनांचा ताण आला असता. ती रस्त्याशी ६० अंशांचा कोन करीत असेल तर ताण ३०० भागिले साइन ६०, म्हणजे सुमारे ३४६ टन होईल. कोन ३० अंशांचा असेल तर ताण थेट ६०० टन! मनोऱ्यापासून दूर गेलेली तार अधिक आडवी होते व तेवढेच वजन उचलण्यासाठी तिला अधिक ताणून घ्यावे लागते. मनोरे एवढे उंच का बांधतात, याचे कारण यातच आहे. उंची वाढली की तारा उभ्या होतात.

हा प्रयोग घरी करता येईल. दारावरच्या खिळ्याला ताणकाटा अडकवा, त्याला दोरी बांधा आणि दोरीचे दुसरे टोक एका आडव्या काठीच्या टोकाला बांधून काठीचे बुड दाराच्या खालच्या कोपऱ्यात टेकवा. काठीच्या टोकाला पाण्याची बाटली टांगा. आता खिळा खाली खाली घेत जा आणि काठी आडवी राहील इतकीच दोरी ठेवा. बाटली तीच, पण काट्यावरचा आकडा वाढत जाईल.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट हाताला जाणवेल. काठीचे बुड दारावर जोराने दाबले जाते. तिरप्या तारेचा ताण वर ओढतो तसा आडवाही ओढतो. आपल्या ३० अंशांच्या तारेत हा आडवा भाग सुमारे ५२० टनांचा आहे. तो रस्त्याला मनोऱ्याकडे दाबतो. हे वाईट झाले असे वाटेल. पण काँक्रीटचा स्वभाव आठवा. त्याला ओढले तर ते लवकर तडकते, दाबले तर मात्र दगडासारखे टिकते. म्हणजे तारा नुसत्या वजन उचलतात असे नव्हे, तर काँक्रीटला त्याच्या आवडीच्या दाबाखालीही ठेवतात. दोन्ही बाजूंच्या तारांचा हा आडवा जोर समोरासमोर येतो, म्हणून मनोरा कोणत्याच बाजूला झुकत नाही.

बांधकाम चालू असतानाही हा तोल सांभाळावा लागतो. रस्त्याचे खंड वांद्र्याच्या किनाऱ्यावर ओतून तयार केले होते. ते समुद्रात नेऊन मनोऱ्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक असे जोडत गेले. भाजीवाला तराजूच्या एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात वांगी ठेवतो तसेच. फरक एवढाच की येथे एकेक वांगे शंभर टनांहून जड होते.

जाता जाता एक सांगतो. या सेतूतल्या पोलादी तारा एकापुढे एक मांडल्या तर पृथ्वीला वेढा बसेल, असे पुष्कळ ठिकाणी छापले गेले आणि लांबीचा आकडा ३७,६८० किलोमीटर दिला गेला. पृथ्वीचा विषुववृत्तावरील परीघ सुमारे ४०,०७५ किलोमीटर आहे. वेढ्याला दोन हजारांवर किलोमीटर तार कमी पडेल! छापील आकडाही असा पडताळून पाहण्याची सवय लावून घ्या.

ऊन, वारा आणि मीठ

पूल वजनाने वाकतो तसा उन्हाने वाढतो. काँक्रीट आणि पोलाद ही दोन्ही एक अंश सेल्सिअस तापमानवाढीला आपल्या लांबीच्या लाखात साधारण एक भागाने, अधिक नेमके सांगायचे तर दहा लाखांत सुमारे बारा भागांनी वाढतात. आकडा क्षुल्लक वाटतो ना? अटल सेतूची समुद्रावरची लांबी घ्या, तापमानातला फरक २० अंश धरा आणि गुणाकार करा. उत्तर जवळजवळ ४ मीटर येते. सेतू एकसंध असता तर पहाटेपेक्षा दुपारी तो चार मीटर लांब झाला असता आणि जागा न मिळाल्याने कोठेतरी उचकटला असता. म्हणून ठरावीक अंतरावर प्रसरण-सांधे ठेवतात. पुलावरून जाताना गाडीच्या चाकांखाली जो ठरावीक तालाचा खट्-खट् आवाज येतो तो याच सांध्यांचा.

वाऱ्याचा हिशेब सोपा, पण त्याचे फळ भयंकर आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १८० किलोमीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटरला सुमारे १५० किलोग्रॅम वजनाइतका दाब पडतो. पूल तो सोसेल. पुलावरची रिकामी मालमोटार सोसेलच असे नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाच्या वेळी वांद्रे-वरळी सेतू वाहतुकीला बंद ठेवला होता तो यासाठीच.

पण वारा कधीतरी येतो. मीठ रोज येते. समुद्रावरच्या पुलाचा खरा वैरी मीठच. काँक्रीट चांगलेच अल्कधर्मी असते आणि त्याच्या पोटातल्या सळईवर ऑक्साइडचा एक अदृश्य पापुद्रा तयार होऊन सळई सुरक्षित राहते. समुद्राच्या पाण्यातले क्लोराइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर्षानुवर्षे आत झिरपते आणि सळईपर्यंत पोहोचले की हा पापुद्रा फोडते. मग गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते, त्यामुळे काँक्रीट आतून फुगून तडकते, तडीतून आणखी मीठ आत शिरते आणि गंज आणखी वाढतो.

सतत पाण्याखाली असलेला भाग सर्वांत लवकर गंजत असेल असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. गंजासाठी ऑक्सिजनही लागतो आणि तो पाण्याखाली फारसा मिळत नाही. सर्वांत धोक्याचा भाग भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला आणि लाटांचे तुषार उडतात तो. तेथे खांब भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो आणि प्रत्येक वेळी मिठाचा एक थर मागे राहतो. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी पाच मीटरांच्या जवळपास चढ-उतार करते, म्हणजे हा पट्टा चांगला दुमजली घराएवढा उंच आहे.

ही भीती पुस्तकी नव्हे. पणजी येथे मांडवी नदीच्या मुखाजवळ १९७० साली बांधलेला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. काँक्रीटमध्ये ताणून बसवलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेत गंजल्या होत्या. जो पूल शंभर वर्षे टिकावा तो सोळा वर्षांत गेला. वाशीच्या खाडीवरचा १९७३ सालचा पहिला पूलही गंजाने बेजार झाला आणि त्याच्या शेजारी १९९७ साली दुसरा पूल उभा राहिला. या धड्यांमुळेच नव्या सेतूंमध्ये काँक्रीट अधिक घट्ट करतात, सळयांवरचा थर जाड ठेवतात, तारांना जस्ताचा मुलामा व प्लॅस्टिकचे वेष्टण देतात. तरीही दर वर्षी कोणीतरी दोरीला लोंबकळून खांब न् खांब तपासावाच लागतो. पुलाचे उद्घाटन एकदा होते, पण त्याची निगा शंभर वर्षे राखावी लागते आणि तिचा फोटो कोणी काढत नाही.

गाड्यांचे गणित

आता शेवटच्या बाकावरचा प्रश्न. पूल वाहतूक किती पेलतो? टनांत विचारत नाही, ताशी किती गाड्या असे विचारतो.

बहुतेकांचे उत्तर असते: वेग वाढवा, म्हणजे अधिक गाड्या जातील. पडताळून पाहू. सुरक्षित अंतराचा साधा नियम असा की पुढच्या गाडीनंतर निदान दोन सेकंदांनी आपली गाडी त्याच जागी यावी. गाडीची लांबी ४ मीटर धरू. ताशी ८० किलोमीटर वेगाने ही लांबी ओलांडायला सुमारे ०.१८ सेकंद लागतो. म्हणजे एका ठिकाणी उभे राहून पाहिले तर दर २.१८ सेकंदांना एक गाडी, तासाला सुमारे १,६५० गाड्या. आता वेग निम्मा करा, ताशी ४०. उत्तर येते सुमारे १,५२५. वेग अर्धा झाला, पण गाड्या फक्त आठ टक्क्यांनी घटल्या! कारण गाड्या हळू चालल्या तरी जवळजवळही चालतात. ताशी २० किलोमीटरला १,३२० आणि रांगत रांगत ताशी ५ किलोमीटरला सुमारे ७४०. यावरून एक गोष्ट ठरते. एका मार्गिकेतून तासाला दीड-दोन हजारांच्या आसपास गाड्या जातात आणि कितीही वेगवान सेतू बांधला तरी हा आकडा फारसा हलत नाही. वेगाने प्रत्येक प्रवाशाचा वेळ वाचतो, हे खरे. ताशी ८० ने वांद्रे-वरळीचे ५.६ किलोमीटर चार मिनिटे बारा सेकंदांत संपतात. पण नळाची धार वेगळी आणि नळातला पाण्याचा वेग वेगळा.

नळाची उपमा पुढे नेऊ. जाड नळाच्या टोकाला बारीक तोटी बसवली तर पाणी तोटीपुरतेच येणार. वांद्रे-वरळी सेतूवर प्रत्येक दिशेला चार मार्गिका आहेत. त्या पूर्ण भरून वाहिल्या तर तासाला सुमारे ६,६०० गाड्या वरळीला उतरतील. समजा, पुढे चारच मार्गिकांचा रस्ता आहे, पण त्यावर सिग्नल आहे आणि हिरवा दिवा निम्मा वेळच लागतो. हिरव्या दिव्यात दर दोन सेकंदांना एक गाडी सुटली तर एका मार्गिकेतून तासाला ९०० आणि चारांतून ३,६०० गाड्या सुटतात. तासाला ३,००० गाड्या उरल्या. उभी गाडी सुमारे ६ मीटर जागा खाते. तीन हजार गाड्यांची १८ किलोमीटरची रांग, चार मार्गिकांत वाटली तरी साडेचार किलोमीटर. एका तासात ५.६ किलोमीटरच्या सेतूचा बहुतेक भाग वाहनतळ होईल! हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण ज्यांनी सेतू उतरून पुढच्या सिग्नलला तिष्ठत घालवला आहे त्यांना ते अगदीच परके वाटणार नाहीत. मूळ कल्पनेत हा सेतू वरळीला न थांबता पुढे दक्षिणेकडे जावयाचा होता. ते घडले नाही. त्याऐवजी किनारी रस्ता आला आणि तो सेतूला जोडला गेला २०२४ सालच्या सप्टेंबरात, म्हणजे पंधरा वर्षांनी.

येथपर्यंत गणित सरळ आहे. तोटी मोठी केली की झाले, असे म्हणता येईल. मला ज्याने छळले ते याच्या पुढचे आहे.

तारेवर ३०० टन येणार असे मी धरले, तेव्हा एक गोष्ट न बोलता गृहीत धरली होती. मजबूत तार लावली म्हणून रस्त्याचे वजन वाढत नाही. गुरुत्वाकर्षणाला बातमी लागत नाही की येथे आता चांगला पूल झाला आहे, चला, थोडे जास्त ओढू या. वाहतुकीला मात्र ही बातमी लगेच लागते. पूर्वी जो बाहेर पडत नव्हता तो बाहेर पडतो. लोकलने जाणारा गाडी काढतो. कोणी उलव्याला घर घेतो, कारण आता मुंबई जवळ आली. पलीकडे विमानतळ होतो. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. म्हणजे पूल ज्या भारासाठी बांधला तो भार पुलामुळेच बदलतो. पुलाचे वजन अभियंता अगदी बारकाईने सांगू शकतो, पण गाड्यांचे भाकीत दोन्ही बाजूंना चुकू शकते. अटल सेतूवर पहिल्या वर्षी अपेक्षेपेक्षा कमी गाड्या धावल्या, कारण मोटारीला एका फेरीचा पथकर २५० रुपये होता आणि माणूस मिनिटे मोजतो तसे रुपयेही मोजतो.

आणि भार मोजावयाचा तो गाड्यांचा की माणसांचा? अटल सेतूच्या एका दिशेच्या तीन मार्गिका भरून वाहिल्या तर तासाला सुमारे ५,००० मोटारी. प्रत्येकीत दोन माणसे धरा, दहा हजार माणसे झाली. मुंबईच्या उपनगरी मार्गावर बारा डब्यांची लोकल गर्दीच्या वेळी चार हजारांवर माणसे नेते. चार मिनिटांना एक गाडी धरली तर एकाच रुळावरून तासाला साठ हजार. सेतू ज्या दिवशी खुला झाला त्याच दिवशी, १२ जानेवारी २०२४ रोजी, उरणपर्यंतच्या लोकलचेही उद्घाटन झाले. सेतूची छायाचित्रे सगळीकडे झळकली, लोकलची बातमी खाली कोपऱ्यात गेली. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी मोटार नाही, मोटारसायकल आहे, आणि दुचाकींना या सेतूवर प्रवेश नाही. त्यांच्यासाठी मुंबई जवळ आली ती रुळांवरून.

ज्यांना पलीकडे जावयाचेच नाही त्यांचाही विचार करावा लागतो. वरळीच्या कोळीवाड्याचे म्हणणे होते की किनारी रस्त्याला सेतूशी जोडणाऱ्या पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवले तर लाटांच्या जोरात होड्या खांबांवर आदळतील. बराच काळ वाद चालला आणि अखेर अंतर दुप्पट, १२० मीटर करण्यात आले. दुप्पट म्हणजे जोर चौपट, हे तुम्हाला आता ठाऊक आहे. म्हणून तेथे साधी तुळई न ठेवता १३६ मीटर लांबीची, सुमारे दोन हजार टनांची पोलादी कमान बसवावी लागली. धनुष्याची दोरी जशी त्याची टोके फाकू देत नाही, तसा तिचा खालचा रस्ताच कमानीची टोके धरून ठेवतो. होडीला मोकळी वाट देण्याची किंमत अशी टनांत मोजता येते. ती मोजली गेली हे मला बरे वाटले.

शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाला मी सरळ उत्तर दिले नाही. त्याला एक गणित दिले, तेच तुम्हालाही देतो. तीन मार्गिकांपैकी एक फक्त बसगाड्यांसाठी राखून ठेवली. बस १२ मीटर लांब, तिच्यात ५० माणसे, वेग ताशी ८० किलोमीटर आणि दोन बसगाड्यांत तेच दोन सेकंद. तासाला किती माणसे जातील ते काढा. मग दुसरा भाग: शिवडीच्या टोकाला एवढ्या बसगाड्या उभ्या करून माणसे उतरवावयाची आहेत आणि प्रत्येक बस थांब्यावर ४० सेकंद थांबते. किती थांबे लागतील? उत्तरे मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. दुसऱ्या भागाचे उत्तर काढताना माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी मागच्या बसला पुढच्या बसवर आदळवले होते, तेवढे सांभाळा.